एच टॉवरची लाल रजई

नोएडा, सेक्टर ६२
७ जानेवारी २०१६

प्रिय ताई,

हे पत्र मी अकरा दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं. कागद आणले, पेन आणलं, मग ते पेन अडकतं म्हणून दुसरं आणायला गेलो आणि त्या दुकानाशेजारी मुळ्याचे पराठे फार चांगले मिळतात असा शोध लागला. एक दिवस त्यात गेला. उरलेले दहा कशात गेले ते विचारू नकोस. थंडी, धुकं, काम, काहीही सांगता येईल, पण तू मला ओळखतेस. काल तुझे दोन मिस्ड कॉल दिसले, तेही मी मुद्दाम उचलले नाहीत. तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटतेस आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकतात. आज जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर असं स्पीकरमधून पडायला नको. एच-९०३ बद्दल आहे, त्यांच्या घराबद्दल, आणि बिल्डरने पाठवलेल्या त्या संमतीपत्राबद्दलही. म्हणून पत्र, आणि तेही भावोजींच्या ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे पोस्टमन ते बाबांच्या हातात ठेवणार नाही. बघ, इतकी अक्कल आहे मला.

आधी चांगली बातमी. साकेतच्या कंपनीत मला आठ महिने झाले. आठ! इतके दिवस मी एका जागी शाळेतसुद्धा मनाने बसलो नव्हतो. साकेत पुण्याचाच, बाणेरचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने मला सर्टिफिकेट विचारलं नाही, एवढंच विचारलं की वेबसाइट दुरुस्त करायला कुठे शिकलास. मी खरं सांगितलं, की इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, मग हिमाचलात बीरला एका हॉस्टेलमध्ये भांडी घासत होतो, त्या हॉस्टेलची साइट सारखी बंद पडायची आणि मालकाला दुसरं कुणी मिळेना. तो हसला, म्हणाला अच्छा, म्हणजे अनुभव आहे. तीन खोल्यांचं ऑफिस, एक हीटर, चहा खालच्या टपरीवरून. काम मला येतं, ताई. हे मी फुशारकीने सांगत नाही. बिघडलेल्या गोष्टीपुढे बसलो की मला कंटाळा येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे सप्तपर्णा ग्रीन्सची वेबसाइट आली. नाव वाचून मी खुर्चीतून उठलोच. मीटिंग संपायच्या आत बाहेर येऊन बाबांना फोन केला की तुमच्या बिल्डरची साइट आता मी सांभाळणार.  ते म्हणाले, बिल्कुल नीट लक्ष दे. बस, एवढंच. पण तूच नंतर सांगितलंस की त्या संध्याकाळी त्यांनी दिल्लीच्या मराठी मंडळातल्या चार जणांना फोन करून कळवलं, आमचा आशय आता आत बसलाय म्हणून. 'आमचा आशय' हे शब्द मी बाबांच्या तोंडून आधी ऐकले ते फक्त तक्रारीच्या सुरुवातीला.

त्या घरात त्यांचा जीव किती आहे ते मी तुला काय सांगू, रोज तूच बघतेस. चौतीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेला माणूस. आई गेली, दोन वर्षांत निवृत्ती आली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि सगळे म्हणाले चला, आता आपल्या माणसांत, पुण्याला. पण त्यांची माणसं इथेच होती. पुण्यात ते भाजीवाल्याला 'भैया' म्हणतात म्हणून स्वरूपा हसते, नातच ती, पण त्यांना लागतं. रिक्षावाला त्यांना पाहुणा समजतो. म्हणून तर इकडे दिल्लीजवळ हे घर घेतलं, आणि त्याचा पाया खणायच्याही आधी त्यांनी करोल बागेत जाऊन पितळेची पाटी करून घेतली, आपलं आडनाव आणि खाली ९०३. गेली सहा वर्षं ती त्यांच्या सुटकेसमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. दर दिवाळीला काढून चिंचेने घासतात आणि परत ठेवतात.

आणि त्यांची ती फाइल, अगदी सरकारी कचेरीतली. डावीकडे नोटिंग, उजवीकडे पत्रव्यवहार, मध्ये हिरवी दोरी. दर महिन्याच्या एक तारखेला भावोजींच्या प्रिंटरवर बिल्डरच्या वेबसाइटवरचा एच टॉवरचा ताजा फोटो काढायचा, उजवीकडे लावायचा, क्रमांक टाकायचा आणि डावीकडे शेरा लिहायचा. पहिला मजला झाला. तिसऱ्याचा स्लॅब भरला. नोव्हेंबरचा शेरा त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला होता, तो मला पाठ आहे. 'चौथ्या मजल्याच्या कठड्यावर लाल रजई उन्हात घातलेली दिसते. मजूर कुटुंब राहत असावे. काम चालू असल्याची खूण.' वाचून झाल्यावर म्हणाले, बिचारे, थंडीचे दिवस आहेत. मग माझं मत विचारलं. मी म्हणालो, बाबा, मी रोज बघतो ते फोटो, एच मस्त चाललंय, घाबरू नका. हे माझे शब्द आहेत, ताई. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

डिसेंबरात तक्रार आली की साइट फार हळू उघडते, आणि ज्यांनी परदेशात बसून घरं घेतलीत त्यांना फोटो दिसतच नाहीत. कारण साधं होतं. फोटो जड होते, कॅमेऱ्यातून काढले तसेच वर चढवलेले. अशा वेळी एक प्लगिन लावतात, म्हणजे साइटला जोडायचा एक छोटा प्रोग्राम. तो एकेका फोल्डरमध्ये शिरतो आणि प्रत्येक फोटोचं वजन उतरवतो, दिसायला फरक न पडता. टॉवर ए ते एच, आठ फोल्डर. मी लावला, चालू केला आणि जेवायला गेलो. येऊन बघतो तर ए पासून एफ पर्यंत सगळे फोटो हलके झालेले, आणि जी अन् एच तसेच. समोर एक शब्द, 'वगळले'. पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

अशा ठिकाणी माझं डोकं छान चालतं. पहिला संशय, फोल्डरला कुलूप असेल, प्रोग्रामला आत लिहायची परवानगी नसेल. तपासलं, होती. मग वाटलं कुणीतरी ही दोन फोल्डर वगळायच्या यादीत टाकली असतील. यादी रिकामी. फोटो प्रमाणाबाहेर मोठे असतील? नाही. फोल्डरची नावं बदलून बघितली. प्लगिन काढून नव्याने घातला. सर्व्हरवाल्यांना फोन केला, त्यांनी मला अर्धा तास गाणं ऐकवलं. दोन दिवस यात गेले आणि साकेत म्हणाला, यार, दोन फोल्डर राहिले तर राहू दे. पण मला सोडवेना. स्पितीला एकदा बस बंद पडली होती तेव्हाही मी ड्रायव्हरसोबत चार तास खाली झोपून होतो, जेव्हा बाकीचे लोक शेकोटी करून गात होते. ते असो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गंमत म्हणून मी मुळ्याच्या पराठ्याचा फोटो काढला आणि एच टॉवरच्या फोल्डरमध्ये टाकला. प्लगिन चालवला. पराठा मिनिटभरात हलका झाला! बाकीचे फोटो पुन्हा वगळले. म्हणजे फोल्डर ठीक होतं. जे काही होतं ते फोटोंमध्ये. मग मी शांतपणे त्या प्रोग्रामची नोंदवही उघडली. तो काय करतो, की केलेल्या प्रत्येक फोटोचा ठसा ठेवतो, आपल्या अंगठ्यासारखा. नाव कितीही बदला, ठसा बदलत नाही. आणि तोच ठसा पुन्हा समोर आला तर म्हणतो, हा माझा करून झालाय, आणि पुढे जातो. एचच्या प्रत्येक फोटोपुढे त्याने हेच लिहिलं होतं. आधीच झाले. आधीच झाले. माझा राग त्या प्रोग्रामवर. कधी झाले? कुठे झाले? एचचा तर एकही फोटो अजून हलका झालेला नाही.

मग मी नोव्हेंबर २०१५ चा एच टॉवरचा फोटो उघडला आणि त्या ठशाचा दुसरा धनी शोधला. तो सी टॉवरच्या फोल्डरमध्ये निघाला. फेब्रुवारी २०१४. दोन्ही शेजारी लावले. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर लाल रजई, ताई. दोन्हीकडे. तीच घडी, तोच खाली लोंबणारा कोपरा.

प्रोग्राम बिघडलेला नव्हता. तो एकटाच नीट बघत होता. सी टॉवर जसजसा वर चढत गेला होता, तसतसा एकवीस महिन्यांनी एच चढत होता, त्याच फोटोंतून, नाव बदलून. जी टॉवरचंही तेच. बाबांनी फाइलीत लावलेला एकूण एक फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा आहे. आणि सी टॉवरचे जुने फोटो कोण बघणार? ज्यांना तिथे घर मिळालं ते आता पडदे लावण्यात गुंतलेत.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. इथून बारा किलोमीटर, शेअर ऑटोने चार मूर्ती चौक आणि पुढे थोडं पायी. ताई, मी काझाला जाऊन आलो, तवांगला जाऊन आलो, आणि आठ महिन्यांत या बारा किलोमीटरवर एकदाही गेलो नाही. बाबांना 'मस्त चाललंय' म्हणालो ते खुर्चीत बसून. ए ते एफ उभे आहेत. खोटं कशाला बोलू, छान आहेत, सी मध्ये बायका गॅलरीत ऊन खात बसलेल्या होत्या. त्यांच्या मागे पत्र्याचं कुंपण आहे. कुंपणावर हिरव्यागार बागेचं चित्र, त्यात एक आजोबा नातीचा हात धरून चाललेत. मी चौकीदाराला विचारलं, एच कुठे? तो शेकोटीजवळून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "एच? वो तो पानी में है, भाईसाब." फटीतून बघितलं तर मोठा खड्डा, त्यात पाणी, पाण्यातून गंजलेल्या सळ्या वर आलेल्या आणि त्यांवर तीन बगळे. मी बराच वेळ उभा राहिलो. नववा मजला कुठे आला असता ते मान वर करून बघत होतो. धुक्यात काही दिसलं नाही.

साकेतला सगळं दाखवलं. तो वाईट माणूस नाही. दोन्ही फोटो त्याने तीनदा बघितले, चष्मा पुसून एकदा. मग म्हणाला की क्लायंटच्या बांधकामाशी आपला संबंध नाही, आपला संबंध फोटोच्या वजनाशी. त्या क्षणी पूर्वीचा आशय पाठीवर बॅग टाकून निघाला असता, काश्मिरी गेटहून मनालीची बस, आणि तुला तिकडून फोन. माझी बॅग दाराजवळच असते, तुला माहीत आहे. पण मी गेलो नाही. मी साकेतला सांगितलं की त्या दोन फोल्डरांना मी हात लावणार नाही, आणि हे फोटो ज्यांची घरं आहेत त्यांना दाखवणार आहे. त्याला काढायचं तर त्याने काढावं, मी स्वतः सोडणार नाही. त्याने अजून काढलेलं नाही. टपरीवर चहाही पाजला काल. आतून त्यालाही ते लागलंय असं मला वाटतं.

आता कुमुदिनीकाकू. क्वार्टरमध्ये आपल्या वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांचंही घर एचमध्येच आहे. त्या गेलं वर्षभर घरं घेतलेल्या लोकांना गोळा करतायत, ग्राहक न्यायालयात जाऊ म्हणतायत, आणि बाबा त्यांना मोर्चेवाली म्हणतात. काकूंचं म्हणणं आहे की विटेवर एकही वीट चढलेली नाही. बाबांचं म्हणणं आहे की आपल्याकडे रेकॉर्ड आहे, आणि वर आमचा आशय आत बसलाय. मंडळातले निदान सहा जण फक्त बाबांच्या शब्दावर काकूंकडे गेले नाहीत, आणि बाबा माझ्या शब्दावर. म्हणून मला त्या संमतीपत्राची भीती. 'प्रगतीची छायाचित्रे पाहिली, समाधान आहे, मुदतवाढ मान्य आहे', खाली सही, पंधरा जानेवारीच्या आत. ज्यांनी सही केली त्यांना मग कोर्टात काय तोंड राहणार, सांग. माझ्याकडे दोन्ही फोटो, नोंदवहीची पानं, खड्ड्याचे फोटो, सगळं तारखेसकट छापून तयार आहे. काकूंना मी अजून दाखवलेलं नाही. बाबांच्या आधी कुणाला नाही. काकूंच्या तोंडून त्यांना कळलं तर ते घराचं दुःख एक वेळ सोसतील, ते नाही सोसणार.

कोर्टात आपण जिंकू, ताई. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. त्यांनीच ठेवलेले फोटो आहेत, त्यांच्याच साइटवर, आणि बाबांची फाइल आहे, प्रत्येक पानावर तारीख आणि सही. असा पुरावा अख्ख्या नोएडात कुणाकडे नसेल. जी फाइल चुकीची आहे असं मी तुला तीन पानं सांगतोय, तीच फाइल हुकमाचा एक्का आहे. फक्त त्यांनी सही करता कामा नये. तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, इतका वेळ पराठे आणि बगळे सांगत बसलो त्याचं कारण. तू सांग त्यांना. मी दहा वेळा फोन हातात घेतला. आवाज ऐकला की ते आधी विचारणार, काय म्हणतंय आपलं एच, आणि माझ्या तोंडून 'मस्त' असंच निघणार, हे मला माहीत आहे. तू चहा देताना सांग, हळू सांग, आणि तो कागद आधी कपाटात दडव. माझ्यावर चिडले तर चिडू दे. फक्त 'आमचा आशय' म्हणायचे ते आता म्हणणार नाहीत, एवढंच मला

थांब. मी गॅलरीत उन्हात बसून लिहितोय आणि खाली गेटपाशी कुणीतरी ऑटोवाल्याशी दिल्लीच्या हिंदीत हुज्जत घालतंय, आणि तो आवाज मी झोपेतही ओळखेन. ताई, बाबा आलेत. माकडटोपी, आईने विणलेला तपकिरी स्वेटर, एका हातात सुटकेस, काखेत ती फाइल. संक्रांतीला मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जाते, पण तिला अजून आठवडा आहे, म्हणजे हे येणं त्यासाठी नव्हे. आता कळलं तुझे दोन मिस्ड कॉल कशाचे होते. त्यांनी वर बघितलं, मला बघितलं, ऑटोवाल्याला सोडून दिलं आणि फाइल सावरत सुटकेसमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून वर धरलं. आणि खालूनच विचारतायत, "आशय, सही करायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हटलं. एचला जायला इथून ऑटो मिळते ना?"

सही केलेली नाही, ताई. मी खाली चाललोय. आधी चहा, मग दोन रजया, मग खड्डा, याच क्रमाने, आणि मीच सांगणार. डावीकडे काय लिहायचं ते त्यांचं ते लिहितील. तुला आता काही करायचं नाही, तरी हे पत्र पोस्टात टाकतोच. मी आज पळालो नाही याचा एक तरी कागद कुणाकडे तरी असू दे.

तुझाच, बॅग अजून दाराशीच असलेला,
आशय